कोंबडीकाकांसाठी दोन ओळी

कोंबडीकाका कुठेही शिरले की आधी वास घेत. माणूस दारातून आत आला की 'काय, कसं काय' म्हणतो. काका मान किंचित वर करून दोन छोटे श्वास घेत आणि मग 'कसं काय' म्हणत. कोंबड्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की खालचा भुसा किती ओला आहे ते त्यांना कळे. खाद्याच्या पोत्याशी वाकले की ते पोतं किती दिवसांचं आहे ते कळे. आमच्या घरी आले की सुनंदानं आज काय केलं आहे आणि ते खाली लागलं आहे का, तेही कळे. मला सायनसचा जुना त्रास. करपलेली खिचडी पुढ्यात ठेवली तरी मला पत्ता लागत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला त्यांच्या नाकाचा हेवा वाटत आला, आणि पुढे तो नुसत्या नाकापुरता राहिला नाही.

ऐंशीनंतरची ती वर्षं. आम्ही जॉर्जियातल्या एका लहान गावात राहत होतो. गावात एक विद्यापीठ, आजूबाजूला मैलोन्‌मैल कोंबड्यांच्या लांबलचक शेड, आणि मराठी घरं मोजून सहा. मी पुण्याहून मायक्रोबायॉलॉजी शिकून आलो होतो, इथे डॉक्टरेट मिळवली होती आणि पोल्ट्री विभागात तात्पुरत्या नोकरीवर होतो. अंड्यातून पिल्लू बाहेर पडल्यापासून ते कोंबडी दुकानातल्या थंड पेटीत जाऊन बसेपर्यंत साल्मोनेलाचे जंतू तिच्यावर नेमके कुठे चढतात, ते शोधायचं माझं काम. हॅचरी, शेड, ट्रक, प्लँट आणि दुकान, अशा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर नमुने घ्यायचे आणि सगळ्यात जास्त धोका कुठे आहे ते सांगायचं. अहवाल नीट झाला तर नोकरी पक्की होणार होती. कोंबडीकाका माझ्या हाताखाली टेक्निशियन होते. निदान कागदावर तरी तसं होतं.

मूळचे ते जनावरांचे डॉक्टर. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्यात सरकारी दवाखान्यात वीस वर्षं काढलेली. काकू नर्स होत्या, त्यांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि त्यांच्या मागोमाग सत्तेचाळिसाव्या वर्षी काका अमेरिकेत आले. त्यांची पदवी इथे चालत नव्हती. मग आमच्या लॅबमध्ये काचसामान धुण्यापासून सुरुवात केली आणि दोन वर्षांत नमुने घेण्यापर्यंत आले. कोंबडीकाका हे नाव आमच्या मराठी मंडळातल्या पोरांनी ठेवलेलं, आणि त्यांना ते आवडे. पण मनात एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी कोणापासून लपवली नव्हती. त्यांना परत डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी इथली परीक्षा द्यावी लागे, आणि नंतर एखाद्या पशुवैद्यकीय कॉलेजात वर्षभर काम करून दाखवावं लागे. पन्नाशीला टेकलेला तो माणूस लॅबच्या स्टुलावर जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन जेवणाच्या सुट्टीत अभ्यास करी आणि मी आत गेलो की उठून उभा राही. "बसा हो काका," मी म्हणायचो. "तुम्ही साहेब आहात, डॉक्टरसाहेब," ते म्हणायचे. त्यात तिरकसपणा असता तर मला बरं वाटलं असतं, पण तो नसायचा.

काम करायची त्यांची एक तऱ्हा होती. "कोंबडीला काय विचारायचं? कोंबडी पकडणाऱ्याला विचारायचं," असं ते म्हणत. मी शेडवर गेलो की छापील प्रश्नावली काढत असे. कोंबड्या न्यायचे पिंजरे धुता का? हो. पाणी बदलता का? हो. सगळीकडे हो. काका प्रश्नावलीच्या वाटेला जात नसत. जंतू मरू नयेत म्हणून दुधात भिजवलेला कापडाचा तुकडा दोरीला बांधून भुशावरून ओढत न्यायचा, अशी आमची नमुने घ्यायची रीत होती. काका तो तुकडा ओढत ओढत शेडच्या त्या टोकाला जात आणि येईपर्यंत त्यांच्याबरोबर शेडचा मालक चालत असे. परत आल्यावर ते मला हळूच सांगत, "पिंजरे धुवायचं मशीन मार्चपासून बंद आहे. पाणी मारतात नुसतं. बिचारा घाबरलाय, कंपनी वाढवायला पिल्लं द्यायचं थांबवेल म्हणून. नाव नका लिहू त्याचं." त्यांचं इंग्रजी माझ्या निम्म्यानंही नव्हतं. तरी जो माणूस मला 'सर' म्हणून वाटेला लावायचा, तो यांना त्याच्या बायकोच्या ऑपरेशनपर्यंत सगळं सांगून मोकळा व्हायचा. हे कसं जमतं, असं मी एकदा विचारलं. "मी काही विचारत नाही ना," काका म्हणाले. मी घरी येऊन सुनंदाला सांगितलं की त्यांना शास्त्रीय पद्धत कळत नाही.

हळूहळू लोक त्यांना जनावरं दाखवायला आणू लागले. विभागाच्या पार्किंगमध्ये दुपारी एखादा ट्रक उभा असायचा, मागे एखादी बकरी किंवा लंगडणारा कुत्रा. काका बाहेर जाऊन बघत. औषध मात्र कधी देत नसत. "मी इथला डॉक्टर नाही," असं आधी सांगत आणि मग एवढंच सांगत की याला आजच दवाखान्यात ने, किंवा याला काही झालेलं नाही, खायला कमी घाल. मी वरच्या खिडकीतून बघत असे. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं, दारावर पाटी आहे, पण मला भेटायला आजवर कोणी बकरी घेऊन आलं नव्हतं. आमचे प्रोफेसर एकदा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि कौतुकानं म्हणाले की हा माणूस आपल्याला मिळाला हे आपलं नशीब. मी हो म्हणालो. त्या आठवड्यात मी काकांना फ्रीजर साफ करायला लावला. त्याची काही गरज नव्हती.

पण माझं खरं दुखणं घरातलं होतं. आमची मिनू तेव्हा आठ वर्षांची. मी मराठीत बोललो की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "मिनू, दूध पिऊन टाक." "आय नो, डॅड." मी रागावलो, समजावलं, रोज दहा मराठी शब्दांची यादी केली, काही उपयोग झाला नाही. आणि काका आले की तीच कार्टी सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसून म्हणायची, "काका, कोंबडीला दात का नसतात? मग ती चावते कशी?" काका अगदी गंभीरपणे सांगायचे, "ती चावत नाही. ती गिळते आणि पोटात दळते. आत जातं असतं तिच्या." मग जातं म्हणजे काय, ते कोण फिरवतं, असं तासभर चाले. सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघ ना, किती फ्लुएंटली बोलते रे त्यांच्याशी!" मी वर्तमानपत्र वर धरून बसलो होतो. त्यातलं एक अक्षर मी वाचलं नाही.

मंडळाच्या पिकनिकला कोंबडीचा रस्सा काका करत. त्यातही त्यांचा एक हट्ट होता. कच्ची कोंबडी नळाखाली धुवायची नाही. "धुवाल तर सगळ्या सिंकभर होईल, मग कोथिंबिरीवर, मग पोरांच्या काकडीवर. शिजवा नीट, काही राहत नाही," असं ते म्हणत. काकू कपाळाला हात लावत. "न धुता! लोक काय म्हणतील आपल्याला!" लोक खरोखरच म्हणत. सगळ्या बायका एकमेकींकडे बघून नाकं मुरडत, आणि अर्ध्या तासानं पातेल्याचा तळ खरवडत. हेच मी माझ्या भाषणात तक्ते दाखवून सांगितलं होतं, तेव्हा मंडळातले निम्मे लोक डुलक्या काढत होते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. टाळत होतो, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

प्लँटमध्ये कोंबडी कापून, पिसं काढून, साफ करून झाली की क्लोरीन घातलेल्या बर्फगार पाण्याच्या लांब टाकीत सोडतात. टाकीच्या दुसऱ्या टोकाला ती बाहेर येते. तिथून आम्ही ती उचलायचो, स्वच्छ पिशवीत निर्जंतुक पाण्याबरोबर घालून मिनिटभर खळखळून हलवायचो आणि ते पाणी बाटलीत भरून बर्फात ठेवून लॅबमध्ये आणायचो. पोचायला तीन तास लागत. टाकीच्या आधीच्या कोंबड्यांवर जंतू सापडत होते, टाकीनंतरच्या कोंबड्यांवर जवळजवळ नाहीच, आणि दुकानातल्या कोंबड्यांवर पुन्हा सापडत होते. माझा निष्कर्ष सरळ होता: प्लँटची टाकी जंतू मारते, पुढे ट्रकमध्ये आणि दुकानात लोक घाण हातांनी ते परत चढवतात. म्हणजे प्लँट निर्दोष, दोष दुकानदारांचा. प्रोफेसर खूश होते. प्लँटवाले तर फारच खूश होते.

काका खूश नव्हते. एका दुपारी त्यांनी एका बाटलीचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, साल्मोनेला नाही ते ठीक. पण बाकीचेही काही नाहीत. साधे, निरुपद्रवी जंतूसुद्धा नाहीत. एवढी स्वच्छ कोंबडी असते का कुठे? आणि बाटलीला टाकीचा वास येतोय." मला काही वास येत नव्हता. अहवाल टाइप होत आला होता. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "काका, हे सातारा नाही. इथल्या टाक्या काम करतात." लॅबमध्ये दोन विद्यार्थी होते, ते खाली बघायला लागले. काकांनी झाकण लावलं. "बरं," म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तथ्य असेल, असं तेव्हाच मला वाटलं होतं. पण ते त्यांच्याऐवजी दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं.

पंधरा दिवसांनी त्यांनी माझ्या टेबलावर जंतू वाढवायच्या प्लेट्स आणून मांडल्या, दोन रांगांत. बारा कोंबड्यांचं पाणी त्यांनी प्रत्येकी दोन बाटल्यांत वाटलं होतं. एक बाटली आमची नेहमीची. दुसरीत तळाला चिमूटभर हायपो, म्हणजे फोटो धुणारे वापरतात ते मीठ. नेहमीच्या बाटल्यांच्या प्लेट्स कोऱ्या होत्या. हायपोच्या बारांपैकी सात प्लेट्सवर साल्मोनेलाचे गुलाबी ठिपके पसरले होते.

"आमच्याकडे जत्रेच्या वेळी विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकायचे," काका सांगू लागले. "आरोग्यखात्याचा माणूस पाणी तपासायला न्यायचा तेव्हा त्याच्या बाटलीत आधीच हायपो असायचा. क्लोरीनला तिथल्या तिथे गप्प करायचा. नाहीतर बाटलीत जंतू वाटेतच मरतात आणि विहीर चांगली आहे असं वाटतं. आपल्या कोंबडीबरोबर टाकीचं पाणी येतंय. तीन तास त्या पाण्यात बसलं तर जंतूच काय, मीसुद्धा मरेन."

म्हणजे टाकी जंतू मारत नव्हती, आमची बाटली मारत होती. कोंबडी प्लँटमधून जंतू घेऊनच बाहेर पडत होती आणि मी ज्यांनी काही केलं नव्हतं त्या दुकानदारांच्या नावानं अहवाल लिहिला होता. तो गेला असता तर प्लँट तसाच चालू राहिला असता आणि पोरंबाळं आजारी पडत राहिली असती. अशा वेळी माणसाला हायसं वाटायला हवं, भीती वाटायला हवी, आभार मानायला सुचायला हवं. मला यातलं काही सुचलं नाही. हे मला का दिसलं नाही, आणि यांनाच का दिसलं, एवढंच डोक्यात होतं. काका म्हणाले, "अहवाल तुमचा आहे. तुम्ही म्हणाल तसं." आणि चहाचा कप धुवायला निघून गेले.

अहवाल मी थांबवला, एवढं पुण्य माझ्या नावावर आहे. सगळे नमुने हायपो घालून नव्यानं घेतले. त्याला तीन महिने गेले. मग मोठी सभा झाली, कंपन्यांचे लोक, सरकारी लोक, इतर विद्यापीठांतले लोक. मी बोललो, तक्ते दाखवले. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं विचारलं, "चूक बाटलीत आहे हे तुम्हाला सुचलं कसं?"

काका शेवटच्या रांगेत बसले होते. काकूंनी इस्त्री केलेला निळा शर्ट घालून.

मी म्हणालो, "मला बाटलीला क्लोरीनचा वास आला."

टाळ्या झाल्या. मी मागे बघितलं. काकाही टाळ्या वाजवत होते, इतरांसारख्याच, ना कमी ना जास्त. ज्या नाकाचा मी इतकी वर्षं हेवा केला ते मी भर सभेत स्वतःच्या तोंडावर लावून घेतलं होतं, आणि त्या माणसानं ते हसत देऊन टाकलं. त्या देऊन टाकण्याचाही मला हेवा वाटला. सहा आठवड्यांत माझी नोकरी पक्की झाली.

त्याच सुमारास काका दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाले. पेढ्यांऐवजी डोनट घेऊन आले आणि सगळ्यांना वाटून झाल्यावर माझ्या दारात उभे राहिले. "कॉलेजवाल्यांना वरिष्ठांचं पत्र लागतं. दोन ओळी लिहाल का? माझं निरीक्षण कसं आहे, हे विचारतात ते."

मी टाइपरायटरपुढे बसलो. खरं लिहायचं तर एकच गोष्ट लिहिण्यासारखी होती, आणि ती लिहिली असती तर मी सभेत काय बोललो हेही उघड झालं असतं. कॉलेज परकं नव्हतं, आमचे प्रोफेसर तिथे जात-येत असत. तरी मी तीनदा कागद घातला. चौथ्यांदा लिहिलं: हे गृहस्थ वेळेवर येतात. प्रामाणिक आहेत. पक्षी व्यवस्थित हाताळतात. दिलेलं काम पार पाडतात. खाली सही केली, पाकीट बंद केलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. "उपकार झाले," म्हणाले.

त्यांना जागा मिळाली नाही. पुढच्या वर्षी वयाची अडचण सांगितली. मग काकूंना शिकागोच्या हॉस्पिटलात बोलावणं आलं आणि दोघांनी जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी त्यांच्या दारात इतके ट्रक उभे होते की सामान भरायला जागा उरली नाही. मिनू त्यांच्या कमरेला मिठी मारून रडत होती, मराठीत. मी खोकी उचलत होतो, आणि आता घरात, लॅबमध्ये, मंडळात मी एकटाच डॉक्टर उरणार या विचारानं मला हलकं वाटत होतं. ते हलकेपण फार तर महिनाभर टिकलं. मिनूनं मराठी बोलणं बंद केलं. शेडवर लोक पुन्हा मला सर म्हणायला लागले.

तीन वर्षांनी एका परिषदेसाठी शिकागोला गेलो, तेव्हा डेव्हन ॲव्हेन्यूवर चकलीची भाजणी आणायला सुनंदानं पाठवलं होतं. दुकानातून बाहेर पडतो तो समोरून काका. केस पांढरे झालेले, अंगात निळा डगला, त्यावर कुत्र्यामांजरांचे केस. मागच्या गल्लीतल्या जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होते. माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, मिनू किती मोठी झाली ते विचारलं, सुनंदाची पाठ कशी आहे ते विचारलं. मला गप्प राहवेना. मी म्हटलं, "काका, त्या कॉलेजचं... मी पत्र जरा..."

"पत्र ना? वाचलं मी," ते म्हणाले. "नाही म्हटल्यावर सगळी फाइल परत पाठवली त्यांनी, त्यात होतं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चांगलं होतं पत्र. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं."

टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. नव्हता. तेवढ्यात गल्लीतून एका तरुण डॉक्टरणीनं हाक मारली आणि ते माझी पिशवी परत देऊन लगबगीनं आत गेले. मी मागोमाग दवाखान्याच्या काचेपर्यंत गेलो.

काका आता नाहीत. दोन वर्षांपूर्वी काकूंचं पत्र आलं. पण मला आठवतात ते त्या काचेपलीकडचे. टेबलावर एक पिवळं मांजर पिसाळल्यासारखं फिसकारत होतं. त्या डॉक्टर मुलीच्या हातात सुई होती, ती पुढे यायला धजत नव्हती. मिनूहून फार तर पंधरा वर्षांनी मोठी असेल. काकांनी मांजर छातीशी धरलं, त्याच्या कानाशी काहीतरी बोलले, बहुधा मराठीतच, आणि मुलीला मान हलवून खूण केली. तिनं सुई टोचली. मांजरानं त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. त्यांनी मनगट सोडवून घेतलं नाही. तसंच चावू दिलं, आणि दुसऱ्या हातानं त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, ते शांत होईपर्यंत. मी फुटपाथवर भाजणीची पिशवी घेऊन उभा होतो. मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला त्या मांजराचा हेवा वाटला.